दोन मुठींचा चाकू

दुकानात चाकू घ्यायला आलेला माणूस धार कशी पाहतो यावरून तो किती पाण्यात आहे ते मला कळतं. बहुतेक लोक अंगठा फिरवतात. हल्लीची मुलं कागद हवेत धरून कापतात, कारण मोबाइलमध्ये तसं दाखवतात. कागदच कापायचा असेल तर शेजारी स्टेशनरीचं दुकान आहे, असं मी त्यांना सांगते. हिंदुराव पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेरूची एक काडी काढली. ती एका ओढीत तिरकी कापली, कापलेला भाग दाराच्या उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "लाट ऱ्हातीय, ताई. पुन्यांदा लावा." मी भिंग लावून पाहिलं. लाट होती. मला माझ्या चुका दाखवलेल्या आवडत नाहीत, पण त्या दिवशी मी निमूटपणे पुन्हा दगडापाशी बसले.

सदाशिव पेठेत माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. चाकू, कात्र्या, अडकित्ते, विळ्या यांची विक्री आणि त्यांना धार लावणं हा धंदा. वडिलांच्या मागे मी एकटीच चालवते. माझं नाव नीरजा, पण पेठेत मला धारवाल्या बाई म्हणतात. कुठली वस्तू कामाची आणि कुठली दिखाऊ, हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. त्यामुळे माझी विक्री कमी आहे आणि माझ्या शब्दाला किंमत आहे. निदान मला त्याचा फार अभिमान होता.

हिंदुराव कर्वेनगरकडचे, नदीच्या बाजूचे. गाव शहरात आलं, शेतं सोसायट्यांखाली गेली आणि त्यांच्याकडे नदीलगतचा दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा उरला. तिथे त्यांची नर्सरी. पण नर्सरीवाले पुष्कळ आहेत. हिंदुरावांकडे लोक यायचे ते वेगळ्याच कामासाठी. त्यांच्या भागात जमीन बिल्डरला द्यायचं ठरलं की सह्या व्हायच्या आधी घरातलं कुणीतरी हिंदुरावांना बोलावून आणायचं. बांधावरचा आंबा, विहिरीजवळची चिंच, आजोबांनी लावलेला फणस, जे काही पडणार असेल त्याच्या कोवळ्या काड्या ते उतरवायचे आणि आपल्याकडच्या रोपांवर बांधायचे. वर्षभरात कलम हाताएवढं झालं की त्या घरचे ते कुंडीतून नव्या फ्लॅटच्या गॅलरीत न्यायचे. फळ धरो न धरो, झाड आपलं राहायचं. हिंदुरावांनी बांधलेल्या दहा काड्यांतल्या नऊ धरायच्या. सगळं अवलंबून असायचं कापावर. काडी आणि रोप यांचे काप एकमेकांवर सपाट बसले पाहिजेत. मध्ये केसाएवढी लाट राहिली तरी हवा शिरते आणि कलम काळं पडतं. मग दुसरी संधी नाही, कारण तोवर मूळ झाड पडलेलं असतं.

म्हणून कलमाच्या चाकूला एकाच अंगाने धार असते, दुसरं अंग सपाट. असे तीन चाकू हिंदुरावांकडे होते, तिन्ही माझ्याच दुकानातले. हंगामाच्या आधी ते घेऊन यायचे, स्टुलावर बसायचे, मी धार लावेपर्यंत चहा घ्यायचे. पुढे त्यांच्याबरोबर मुलगा यायला लागला, विश्वजीत. एकुलता एक. कॉलेज अर्धवट सोडलेलं, पण हात बापाचा. बापाने कापलेली काडी आणि त्याने कापलेली काडी शेजारी ठेवली तर मला फरक सांगता आला नसता.

एकदा त्याने खिशातून एक चाकू काढून माझ्यासमोर नाचवला. त्या चाकूला मुठी दोन असतात. पातं त्या दोन्हींच्या मध्ये झाकलेलं असतं आणि मनगटाच्या झटक्याने मुठी उलट्या फिरून पातं बाहेर येतं. बटरफ्लाय चाकू म्हणतात. मुलं त्याचे खेळ करून व्हिडिओ टाकतात. विश्वजीतनेही टाकले होते.

"मावशी, एका हातानं उघडतो बघा. डाव्या हातात काडी धरलेली असते ना, मग हा बरा पडतो. कसा वाटला?"

"सर्कशीत चांगला चालेल," मी म्हणाले. "ही खीळ दोन महिन्यांत ढिली होणार, मग पातं डुगडुगणार. आंब्याचा चीक सांध्यात गेला की उघडणार नाही. धार दोन्ही अंगांनी, तीही बोथट. आणि चुकीची मूठ हातात आली तर पातं थेट तुझ्याच बोटांवर. ज्याला काम नाही त्याने बाळगायचा चाकू आहे हा."

विश्वजीत हसला. हिंदुरावही हसले. म्हणाले, "ऐकलं का? ताईंनी निकाल दिला." दोघं गेले. माझं बोलणं खोटं नव्हतं. आजही त्यातला एक शब्द मागे घ्यावा असं मला वाटत नाही, आणि ते आठवलं की जेवण जात नाही.

चार महिन्यांनी विश्वजीत गेला. बायपासवर भर दुपारी टँकरने त्याच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. खत आणायला निघाला होता. तेवीस वर्षांचा होता. पोलिसांनी पंचनाम्यात त्याच्या अंगावरच्या वस्तू लिहिल्या: मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली आणि "एक बटरफ्लाय चाकू, धारदार शस्त्र".

त्या दोन शब्दांनी पुढचं सगळं केलं. शहरात कोयते काढून गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज येतच होत्या. भावकीत बोललं गेलं की विश्वजीत त्यांतलाच, कुठे तरी मारामारीला निघाला असणार. त्याचे चाकू फिरवायचे व्हिडिओ मोबाइलवर इकडून तिकडे गेले. दहाव्याला माणसं निम्मीच आली. आणि नदीच्या घाटावर, बाप दहा पावलांवर उभा असताना, एका चुलत्याने दुसऱ्याला म्हटलं, "वंगाळ मार्गाला लागलं व्हतं. गेलं त्ये बरंच झालं म्हनायचं."

हे मला हिंदुरावांनीच सांगितलं. महिन्याभराने ते दुकानात आले तेव्हा पोलिसांकडून परत मिळालेला तो चाकू त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. स्टुलावर बसले नाहीत. काउंटरवर चाकू ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुमचा शब्द सगळी मानत्यात. तुमच्या दुकानाच्या बिलाच्या कागदावर येवढं लिवून द्या. ह्यो कामाचा चाकू हाय. नर्सरीच्या कामाचा. खाली सही न् शिक्का."

"आणि त्या कागदाचं काय करणार?"

"भावकीत दावनार. घरोघर फिरनार. माझं पोरगं हत्यार घिऊन हिंडत नव्हतं."

"ते मला माहीत आहे, हिंदुराव. विश्वजीत गुंड नव्हता हे मी हव्या त्या कागदावर लिहून देते."

"तसं नगं. त्ये कोन बी म्हनंल, कीव करून. चाकूचं लिवा. चाकू कामाचा ठरला की पोरगं कामाचं ठरतंय."

बापाचं गणित असं होतं. ते मला कळलं नाही असं म्हणून मी सुटू शकत नाही. मला कळलं. पण समोर चाकू होता, आणि चाकूबद्दल मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हणाले, "अहो, हा कामाचा चाकू नाही. मी त्याला स्वतः सांगितलं होतं, तुम्ही इथेच बसला होतात. दुकानाच्या शिक्क्यावर मी खोटं लिहीत नाही."

हिंदुराव म्हणाले, "म्या बी हसलो व्हतो त्या दिशी."

त्यांनी पिशवीतून आपले तिन्ही कलमाचे चाकू काढले आणि माझ्या काउंटरवर ठेवले. "ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आता ह्याच्यावरच काम करून दावतो. दोन वरसं, तीन वरसं, किती लागंल तेवढी. समद्यांच्या डोळ्यांम्होरं." तो दोन मुठींचा चाकू त्यांनी खिशात घातला आणि गेले. दुःखात माणूस बोलतो, आठवड्याने येऊन चाकू नेतील, असं मला वाटलं.

ते आले नाहीत. त्या हंगामात त्यांनी सगळं काम त्याच चाकूने केलं. खताच्या गोण्यांच्या सुतळ्या कापल्या, प्लास्टिकच्या पट्ट्या कापल्या, कलमासाठी गुलाबाचे डोळे काढले, आंब्याची कलमं बांधली. नर्सरीत गिऱ्हाईक आलं की चाकू मुद्दाम काढून दाखवायचे. "आमच्या विश्वजीतचा हाय. कामाला लई बरा." महिन्या-दीड महिन्याने माझ्याकडे यायचे, कारण खीळ ढिली व्हायची, चीक साचायचा. मी सांधे उघडून रॉकेलने धुवायची, खीळ ठोकून द्यायची. दर वेळी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर नवे ओरखडे असायचे. दर वेळी मी बोलायची आणि दर वेळी ते विचारायचे, "आता तरी लिवून देता?" मी नकाराची मान हलवायची. पुढे पुढे हा प्रश्न आणि ही मान आमच्यात "कसं काय, बरं आहे" सारखी होऊन गेली.

कलमं मरत होती. दहातली नऊ धरायची तिथे तीन धरायला लागली. हिंदुराव हे मला सांगत नव्हते. मला सांगितलं सुखदेवने. हा त्यांच्याच वाडीतला माणूस. माझ्याकडे विळीला धार लावायला आला होता. त्याच्या घरच्या विहिरीवर शंभर वर्षांचा रायवळ आंबा होता. जमीन गेली. झाड पाडायच्या आदल्या दिवशी हिंदुरावांनी त्याच्या बारा काड्या नेल्या. बाराच्या बारा काळ्या पडल्या.

"आमची आई रोज इचारती, आंबा कवा यायचा गॅलरीत," सुखदेव म्हणाला. "तिला काय सांगू? मानसानं मुलाच्या दुःखात स्वतःचं काय बी करावं, ताई. पन आमचं झाड व्हतं त्ये."

मला राग आला. हिंदुरावांचा आला, त्या चाकूचा आला. पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी त्यांना फैलावर घेतलं. मी म्हणाले, "तुमच्या हट्टापायी लोकांची झाडं मरतायत. विश्वजीतला हे आवडलं असतं?" मुलाचं नाव मी काढायला नको होतं. हिंदुरावांचे डोळे भरून आले आणि ते चाकू न घेता तसेच पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको आली. शकूवहिनींना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. त्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"त्यो चाकू न्यायला धाडलंय मला," त्या म्हणाल्या. "पन त्याच्यासाठी न्हाय आले. ताई, त्यांना पायजेल तेवढं लिवून द्या."

"वहिनी, ते खरं नाही."

"मला ठावं हाय. मी बी शेतातली हाय, मला काय चाकू कळत न्हाय व्हय? खोटंच लिवा. कागुद हातात पडला की चाकू ठिवून देतील बगा. त्यांना तेवढंच थांबायला कायतरी पायजे. रातीचं झोपत न्हाईत. बोटं बगितली का त्यांची?"

मी काय सांगितलं ते इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. मी म्हणाले, "वहिनी, आज मी यावर लिहिलं तर उद्या माझ्या कुठल्याच शब्दाला अर्थ राहणार नाही." त्या बाईचा मुलगा गेला होता, नवरा हातचा चालला होता, आणि मी तिला माझ्या शब्दाचा अर्थ सांगत होते. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. चाकू मागितला. मी म्हणाले, "दोन दिवस राहू द्या. मी बघते काय करता येतं ते."

खोटं बोलणं मला जमत नव्हतं, म्हणून मी तो चाकूच खरा करायला निघाले. धंद्यातला माणूस असला की त्याला वाटतं, आपल्या हाताने काय वाटेल ते दुरुस्त होतं. मी सांधे सोडवले. ढिल्या खिळी काढून पोलादाच्या नव्या, घट्ट खिळी बसवल्या. पातं बदललं नाही, कारण ते विश्वजीतचं होतं. पण एक अंग पूर्ण घासून सपाट केलं आणि दुसऱ्या अंगाने कलमाच्या चाकूची धार आणली. त्यात दीड दिवस गेला. पातं मूळचं हलकं होतं, तरी मी त्याला अशी धार दिली की हातावरची लव सरसर उतरत होती. आणि चुकीची मूठ हातात येऊ नये म्हणून बरोबर मुठीवर लाल रंगाचा ठिपका दिला. शेवटी पेरूची काडी कापून उजेडात धरली. लाट नव्हती.

हिंदुराव न्यायला आले. मी त्यांनाही काडी कापायला दिली. त्यांनी काप दाराच्या उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "ह्ये त्याला दावायला पायजे व्हतं." त्या दिवशी दीड वर्षात पहिल्यांदा ते स्टुलावर बसले आणि चहा घेतला. लिहून द्या असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. मीच म्हणाले, "एक हंगाम काम करून बघा. कलमं धरली तर मी लिहून देईन." आता ते खरं झालं असतं, म्हणून मी कबूल झाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

कलमं धरायला लागली. दहातली सात, मग आठ. शकूवहिनींनी सुखदेवच्या हाती माझ्यासाठी अळूची पानं पाठवली. सुखदेव म्हणाला, हिंदुराव बोलायला लागले आहेत, नर्सरीत गिऱ्हाइकांची थट्टाही करतात. त्याचा आंबा काही परत येणार नव्हता, तरी तो हे आनंदाने सांगत होता. हंगाम संपायला तीन आठवडे होते.

भाद्रपदात एका सकाळी हिंदुराव चिखलात उकिडवे बसून कलमं बांधत होते. हात ओले, चिकाने माखलेले. मुठींवर चिखल, त्याखाली माझा लाल ठिपका. डाव्या हातात काडी होती, म्हणून उजव्या हाताने झटका देऊन चाकू उघडला. हातात चुकीची मूठ होती. पातं फिरून चार बोटांच्या आतल्या बाजूवर आलं. आधी हे कितीदा झालं होतं. बोथट होता म्हणून ओरखड्यावर भागायचं. आता धार माझी होती. दोन बोटांच्या शिरा तुटल्या, तिसऱ्याची अर्धी.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा टाके घालून झाले होते. शकूवहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला जागा करून दिली. मी म्हणाले, "वहिनी, धार मी लावली होती." त्या म्हणाल्या, "ठावं हाय."

हिंदुराव मात्र वेगळ्याच तंद्रीत होते. पट्टी बांधलेला हात उशीवर, चेहरा घामेजलेला, आणि बोलत होते भराभर. "ताई, डाक्टरीनबाईनं इचारलं, कशानं लागलं? म्या म्हनलं, कामाच्या चाकूनं. कलमं बांधताना. म्या म्हनलं, तसंच लिवा, कामाचा चाकू लिवा. तिनं लिवलं बगा माझ्याम्होरं. विंग्रजीत." त्यांच्या आवाजात समाधान होतं. ते ऐकवेना, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

बोटं परत वळली नाहीत. दुसरं ऑपरेशन झालं, तीन महिने व्यायाम झाले. चमचा कसाबसा धरता येऊ लागला. कलमाचा चाकू धरता येणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं. वाडीत त्याच सुमारास आणखी दोन जमिनी गेल्या. तिथल्या झाडांच्या काड्या कुणी उतरवल्या नाहीत.

माघ महिन्यात एका सकाळी नवरा-बायको दुकानात आले. हिंदुराव वाळले होते, पण सदरा धुतलेला, टोपी कडक. डाव्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दवाखान्यातल्या कागदांचं पहिलं पान. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं.

"रविवारी भावकी जमनार हाय देवळात. ह्येच्या चाळीस झेरॉक्स काढनार, घरटी एक देनार. पयलं तुमी वाचा, ताई. मोठ्यानं. वरनं तिसरी वळ. शकूलाबी ऐकू द्या."

मी चष्मा लावला. इंग्रजी होतं, घाईचं अक्षर, पण वाचता येत होतं. वरून तिसरी ओळ अशी होती: उजव्या हाताला कापल्याची जखम, बटरफ्लाय चाकू. पुढे: मारामारी? मारामारीच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. कामाचं कुठे काही नव्हतं. त्या डॉक्टर पोरीचा दोष नव्हता. तशा चाकूची जखम आली की असंच लिहितात.

हिंदुराव माझ्या तोंडाकडे पाहत होते. भावकीत इंग्रजी वाचणारी पोरं आता घरटी एक तरी आहेत.

मी वाचलं. "रुग्ण नर्सरीत कलमं बांधत असताना कामाच्या चाकूने जखम. चाकू नेहमीच्या वापरातला, बागकामाचा." शब्द तोंडातून इतके सहज निघाले की मला भीती वाटली.

"बगा!" हिंदुराव म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, डाव्या हाताने. "अनोळखी पोरगी. एकदा इचारलं, एकदा लिवलं. तुमाला दोन वरसं जमलं न्हाय, ताई."

"नाही जमलं," मी म्हणाले.

मग मी बिलबुक ओढलं. म्हणाले, इंग्रजी कागद लोकांना कळायचा नाही, मी मराठीत लिहून देते, शिक्क्यासकट. झेरॉक्स त्याच्या काढा. मूळ कागद महत्त्वाचा, तो फाटेल. माझ्या लोखंडी कपाटात राहू द्या. त्यांनी विश्वासाने कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं: विश्वजीत हिंदुराव यांच्याजवळ असलेला चाकू मी तपासला आहे. तो नर्सरीच्या कामाचा चाकू आहे. खाली सही केली, तारीख घातली, दुकानाचा शिक्का मारला. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

हिंदुरावांनी तो कागद दोनदा वाचला, ओठ हलवत. त्याची घडी करायला गेले तर बोटं वळेनात, तेव्हा तसाच पिशवीत घातला आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाले.

शकूवहिनी मागे राहिल्या. त्यांनी काउंटरवरच्या त्या दवाखान्याच्या कागदाकडे पाहिलं.

"ह्यात खरं काय लिवलंय?"

मी सांगितलं.

त्यांनी पदर नीट केला. रस्त्यापलीकडे हिंदुराव मशिनपाशी उभे राहून झेरॉक्सवाल्या बाईला कागद सपाट धरायला सांगत होते, ते त्या बघत राहिल्या.

"मी आलते तवाच द्यायचं व्हतं, ताई," त्या म्हणाल्या. "हात ऱ्हायला असता."

आणि पायऱ्या उतरून त्या नवऱ्याकडे गेल्या, कारण चाळीस कागद त्यांना एकट्याला धरवणार नव्हते.